कुकीजची पाककृती छापताना काटा जवळ ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीने वाचकांकडून घरी केलेल्या चॉकलेट चिप कुकीजच्या पाककृती मागवल्या, त्यांतल्या पाच फोटोसह छापल्या आणि सगळ्यांत चांगली कोणती ते कळवा, असं आवाहन केलं. बहुतेकांनी फोटो बघून मत कळवलं असणार. मी कळवलं नाही. पाचांपैकी चार पाककृती घरी करून, खाऊन आणि खाऊ घालून मग हे पत्र लिहायला बसलो आहे. माझं म्हणणं असं की, आपण छापल्या तशा त्या पाककृतींची एकमेकींशी तुलना होऊच शकत नाही. कारण त्यांतल्या एकीतही वजन दिलेलं नाही.

लातूरच्या मोंढ्यात अडतीच्या दुकानावर मी मुनीम होतो. हयात काट्यापुढे गेली. सोयाबीन, तूर, हरभरा, जो माल येईल तो. कट्टा काट्यावर चढला की मापाड्याने आकडा पुकारायचा आणि मी वहीत मांडायचा. अशा माणसाला ‘एक कप मैदा’ वाचून रात्री झोप लागत नाही, असं आमच्या सूनबाई म्हणतात. त्यात तथ्य आहे.

कप म्हणजे कोणता, हे कोणीच सांगत नाही. अमेरिकेतला कप साधारण २३७ मिलिलिटरचा. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात मापाचे प्लास्टिकचे कप मिळतात ते २४० किंवा २५० चे. घरातला चहाचा कप त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही. बरं, कप एकच धरला तरी मैदा चमच्याने हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास बसतो, आणि तोच कप डब्यात खुपसून दाबून काढला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. पाककृतीत सव्वादोन कप मैदा असेल तर हा फरक साठ-सत्तर ग्रॅमवर जातो. तेवढ्या मैद्याने पसरायची कुकी जागेवर गोळा होऊन बसते, आणि करणारी बाई म्हणते की पाककृतीच वाईट. आमच्या भागात पूर्वी धान्य पायलीने मोजत. पायली गावागणिक वेगळी, शिगोशीग भरली तर वेगळी, वरून हात फिरवून सपाट केली तर वेगळी, आणि त्या हात फिरवण्यात कितीतरी शेतकरी बुडाले. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यानंतर हळूहळू तो घोळ बाजारातून गेला. स्वयंपाकघरात तो पुन्हा कशाला आणायचा?

आपल्या पाच पाककृती मी ओळीने मांडून पाहिल्या. नावं निराळी, फोटो निराळे, पण चारांचं मूळ एकच निघालं. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन गावी रूथ वेकफिल्ड नावाच्या बाई नवऱ्यासोबत ‘टोल हाउस इन’ नावाची खाणावळ चालवत. १९३८ च्या सुमारास त्यांनी चॉकलेटची वडी फोडून तिचे तुकडे कुकीच्या पिठात घातले. पुढच्या दोन-तीन वर्षांत नेस्ले कंपनीने त्यासाठी तयार बारके तुकडे बाजारात आणले, आणि पुढे १९९७ मध्ये ती त्या राज्याची अधिकृत कुकी ठरली. चॉकलेट पिठात चुकून पडलं अशी एक गोष्ट सांगतात. माझा तिच्यावर विश्वास नाही. या बाई गृहशास्त्र शिकलेल्या होत्या, आहारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या होत्या. अशा बायांच्या हातून वडी चुकून पडत नसते.

त्यांच्या प्रमाणाचे ग्रॅम केले तर मैदा २७० ते २८०, बटर २२७, पांढरी साखर १५०, ब्राउन शुगर १६० च्या आसपास, अंडी दोन, चॉकलेट ३४०. सोडा आणि मीठ प्रत्येकी एक छोटा चमचा. १९० अंश सेल्सिअसला दहा-अकरा मिनिटं. आता याच्याशेजारी न्यूयॉर्क टाइम्सने २००८ मध्ये छापलेली गाजलेली पाककृती ठेवा. तिच्यात दोन जातींचा मैदा मिळून ४८० ग्रॅम आणि चॉकलेट मात्र सव्वा पौंड, म्हणजे ५६५ च्या वर. मैद्यापेक्षा चॉकलेट जास्त! एकेक गोळा शंभर ग्रॅमचा, आणि पीठ भाजण्याआधी २४ ते ३६ तास फ्रिजमध्ये ठेवायचं. दोन्हींना चॉकलेट चिप कुकीच म्हणतात, पण पहिली चहासोबतची आणि दुसरी एका वेळच्या जेवणाची. हे कळलं कशामुळे? त्या वर्तमानपत्राने मैदा, साखर, चॉकलेट यांची वजनं कपाच्या शेजारी छापली होती म्हणून.

तुलना करायची तर एका वेळी एकच जिन्नस बदलायचा, बाकी सगळं काट्यावर जसंच्या तसं. आमच्या नातीने प्रयोगवहीत रकाने आखून दिले. आमची मंडळी दोन दिवस गप्प होत्या, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “बिस्किटं करलालाव का सोनं मोजलालाव?” पण सोडा मोजायला ग्रॅमचा दशांश दाखवणारा छोटा काटा लागतोच, आणि तो आता कोणत्याही मोबाईलच्या किमतीपुढे काहीच नाही.

सगळ्यांत जास्त फरक पडतो तो साखरेने. साखर नुसती गोडीसाठी नसते, कुकी किती पसरणार, कुरकुरीत होणार की मऊ, हे तीच ठरवते. म्हणून आपल्या एका पाककृतीत ‘साखर चवीनुसार’ वाचलं तेव्हा मी पेपर घडी घालून बाजूला ठेवला. नुसती पांढरी साखर घातली की कुकी पातळ, फिकट आणि कडक होते, बोटाने मोडली तर आवाज येतो. साखरेच्या जागी सगळी गूळ पावडर घातली की रंग सुंदर येतो, आतून मऊ राहते, पण चॉकलेटची चव गुळाच्या मागे लपते. शिवाय गूळ हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात डब्याचं झाकण नीट लागलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुकी वाकते, मोडत नाही.

ब्राउन शुगरच्या नावाने आपल्याकडे काय काय मिळतं त्याबद्दल न बोललेलं बरं. एका पाकिटातली साखर पाण्यात टाकली तर रंग पाण्यात उतरला आणि तळाशी नेहमीची पांढरी साखर राहिली. अमेरिकेतली ब्राउन शुगर म्हणजे पांढऱ्या साखरेत थोडी मळी परत मिसळलेली असते, हलक्या रंगाची असेल तर साडेतीन टक्के, गडद असेल तर साडेसहा टक्के. आमच्याकडे मळी कारखान्यातून डिस्टिलरीला जाते, घरात येत नाही. पण काकवी येते. हंगामात गुऱ्हाळावरून बाटली भरून आणायची आणि शंभर ग्रॅम साखरेला पंधरा-वीस ग्रॅम या हिशेबाने घालायची. मळीपेक्षा काकवी सौम्य असते म्हणून टक्के वाढवावे लागतात. तिच्यात थोडी आंबट बाजू असते, ती सोड्याला कामाला लावते, आणि कुकी कडेला कुरकुरीत, मधे दमट अशी होते. हे एवढं सांगायला आपल्या पाचांपैकी एकाही पाककृतीला जमलं नाही. सगळ्यांनी ‘ब्राउन शुगर’ लिहून हात झटकले.

बटरचंही तसंच. आपल्याकडे गल्लीतल्या दुकानात मिळतं ते मीठ घातलेलं टेबल बटर. त्यात कायद्याने किमान ८० टक्के स्निग्धांश, पाणी जास्तीत जास्त १६ टक्के आणि मीठ तीन टक्क्यांपर्यंत असतं. म्हणजे ११० ग्रॅम बटरमध्ये दोन-तीन ग्रॅम मीठ आधीच आलं. परदेशी पाककृती बिनमिठाच्या बटरवर बेतलेली, तिच्यात वरून मीठ सांगितलेलं. दोन्ही केलं तर कुकी खारट होणारच, आणि पुरवणीतल्या एका पाककृतीत नेमकं हेच आहे. नुसत्या बटरचं मीठ मात्र छान लागतं. आमच्याकडची जुनी माणसं उदगीरमार्गे हैदराबादला जायची-यायची, तिकडचं उस्मानिया बिस्कीट त्यांच्या जिभेवर बसलेलं. गोडात मीठ आम्हाला कोणी शिकवायला नको.

तुपातली कुकी करून पाहिली. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतंच, सगळा स्निग्धांश. त्यामुळे शंभर ग्रॅम बटरच्या जागी शंभर ग्रॅम तूप घालणं हिशेबात बसत नाही. ऐंशी ग्रॅम तूप आणि पंधरा ग्रॅम दूध असं धरावं लागतं. तरीही ती खुसखुशीत, भुरभुरीत, म्हणजे नानकटाईच होते, आणि तुपाचा वास चॉकलेटशी भांडतो. नानकटाई मला अतिशय प्रिय आहे. दिवाळीत रवा-मैदा-तूप घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांगेत बसण्यातही मला कमीपणा वाटत नाही. पण तिच्यात चॉकलेट कोंबून दोघींचं वाटोळं करू नये. घरच्या लोण्यात किती ताक उरलं आहे हे रोज बदलतं, त्यामुळे त्याच्या कुकीची खात्री देता येत नाही.

आता उन्हाळा. सगळ्या पाककृतींत ‘बटर रूम टेंपरेचरला आणा’ असं लिहिलेलं. ही खोली बोस्टनची. तिथे वीस-एकवीस अंश. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिसाच्या पुढे, घरात पंखा गरम हवा फेकतो, आणि बटर बत्तीस-पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं. ओट्यावर ठेवून आतून बाहेर येईपर्यंत त्याचं तेल झालेलं असतं. असं पीठ ट्रेमध्ये ठेवलं की भट्टी तापायच्या आतच पसरायला लागतं. उपाय साधा आहे. पीठ मळून गोळे करायचे, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे आणि थंडगार असतानाच भाजायला घालायचे. याने दुहेरी फायदा होतो, पसरणं आटोक्यात येतं आणि पिठात पाणी मुरून रंग व चव गडद होते. साखर सोडली तर कशाने फरक पडला असेल तर या रात्रभराने. घाई असलेल्यांनी निदान अर्धा तास तरी ठेवावं. लाइट जाऊन फ्रिज बंद पडला तर त्याचं दार उघडू नका, एवढंच सांगतो.

लाइटवरून आठवलं. आमच्या भागात संध्याकाळी विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, उतरतो. दाब उतरला की ओव्हनची उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते, हे नातीने गणित करून दाखवलं. २३० व्होल्टच्या जागी १८० आले तर शक्ती ६१ टक्क्यांवर येते. म्हणजे ‘दहा मिनिटं आधी तापवा’ हे वाक्य आमच्या गल्लीत सकाळी खरं आणि संध्याकाळी खोटं. सकाळी लवकर भाजावं, किंवा ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणून त्याच्यावरच विश्वास ठेवावा.

चॉकलेटच्या बाबतीत पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर ते चॉकलेट. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट लिहिलं असेल तर ते कंपाउंड. उन्हाळ्यात दुकानदार कंपाउंडच ठेवतो आणि त्याचं बरोबर आहे, खरं चॉकलेट चौतीस अंशांच्या आसपास वितळतं, गोठून परत आलं की वर पांढरी बुरशीसारखी साय धरतं. ती बुरशी नसते, खायला हरकत नाही. कंपाउंड मात्र टाळूला चिकटतं. हिवाळ्यात मी खऱ्या डार्क चॉकलेटची वडी आणून सुरीने फोडतो. बारीक भुगा पिठात मिसळतो, मोठे तुकडे जागेवर वितळतात, आणि प्रत्येक घासाला वेगळं काहीतरी लागतं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी: एका अंड्याच्या जागी सात ग्रॅम जवसाची पूड पंचेचाळीस मिलिलिटर पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला. जवस आपल्या घरात चटणीसाठी असतोच. कुकीला अंड्याइतकाच चिवटपणा येतो, नुसत्या दुधाने येत नाही. आपण छापलेल्या ‘बिनअंड्याच्या’ पाककृतीत दही आणि बेकिंग पावडर दोन्ही आहे. तो कप केक झाला, कुकी नाही.

मतं कोणाची घ्यायची, हा प्रश्न आमच्याकडे आपोआप सुटला. वरच्या मजल्यावर क्लाससाठी आलेली मुलं राहतात, हिंगोलीची, बीडची, देगलूरची. नातीने ताटल्यांखाली आकडे चिकटवले आणि त्यांना गुण द्यायला बसवलं. एकाने आधी विचारलं, “आजोबा, निगेटिव्ह मार्किंग आहे का?” आहे म्हटल्यावर सगळी लेकरं गंभीर झाली. पहिला धडा हा मिळाला की गरम कुकीला गुण देऊ नयेत. ओव्हनमधून काढलेली कुठलीही कुकी उत्तमच लागते, चॉकलेट पाघळलेलं असतं, बाकीचे दोष त्याच्याखाली झाकले जातात. दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर खायला दिल्या तेव्हा क्रमच बदलला. गरम असताना पहिली आलेली गुळाची कुकी गार झाल्यावर मागे गेली आणि काकवीची पुढे आली. आमच्या मंडळी दोन्ही वेळेला पांढऱ्या साखरेच्या कडक कुकीवर ठाम राहिल्या, कारण त्यांना ती चहात बुडवायची असते आणि काकवीची बुडवली की बशीत उतरते. त्यांचं मत मी वहीत वेगळ्या रकान्यात लिहिलं आहे. आवडती कुकी कोणती, याचं एक उत्तर नाही, कशासोबत आणि कधी खाणार ते आधी सांगा.

माझी आवडती सांगतो, ग्रॅममध्ये. मैदा ११०, ज्वारीचं ताजं दळलेलं पीठ ४०, मिठाचं बटर ११०, साखर १२०, काकवी २०, अंडं एक (कवच सोडून पन्नास ग्रॅम) किंवा वर सांगितलेला जवस, खाण्याचा सोडा ३, व्हॅनिला अर्धा चमचा, डार्क चॉकलेट १५०. बटर-साखर-काकवी फेसून घ्या, पण बटर पांढरंफटक होईपर्यंत नको. अंडं, मग चाळलेली पिठं आणि सोडा, शेवटी चॉकलेट. तीस-तीस ग्रॅमचे गोळे, रात्रभर फ्रिज, १८० अंशांना अकरा ते बारा मिनिटं. कडा तांबूस आणि मध्य अजून कच्चा वाटतोय अशा वेळी बाहेर काढा, ट्रेवर राहूनच तो शिजतो.

ज्वारी पाहून मिलेटचं फॅड म्हणू नका. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून सगळ्यांनाच ज्वारी आठवली, आम्ही विसरलो नव्हतो. भाकरीला पिठात विरी लागते, कुकीला उलट चिकटपणा कमी हवा असतो. ज्वारीत ग्लुटेन नाही म्हणून थोडं घातलं की कुकी ठिसूळ होते आणि भाजल्याचा खमंग वास येतो. निम्म्याच्या वर गेलं तर मात्र वाळू खाल्ल्यासारखं लागतं. शाळू असेल तर उत्तम.

तर संपादक महोदय, माझ्या मागण्या थोड्या आहेत. पुढच्या वेळी स्पर्धा घेताना पाककृती ग्रॅममध्येच मागवा, अंडं आणि सोडा यांच्यासह. बटर मिठाचं की बिनमिठाचं, ते लिहायला सांगा. तापमान सेल्सिअसमध्ये छापा. आणि परीक्षकांना फोटो दाखवू नका, गार झालेल्या कुकीज खाऊ घाला, शक्य असेल तर मे महिन्यात, लातूर, परभणी किंवा जालन्याच्या एखाद्या घरच्या ओट्यावर केलेल्या. पाचव्या पाककृतीवर मी काही लिहिलं नाही, कारण तिच्यात मैद्याचं प्रमाणच छापायचं राहून गेलं आहे. शुद्धिपत्र आलं तर तीही करून पाहीन.

आपला,
एक निवृत्त मुनीम,
गंजगोलाईजवळ, लातूर

ता. क. ओव्हन नसलेल्या वाचकांसाठी. जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, वर जाळी, त्यावर ताटली, आणि घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग कुकीज ठेवा. कुकर वापरायचा असेल तर आधी शिट्टी आणि रिंग काढा. वरून रंग येणार नाही, त्याची वाट बघत बसू नका, नाहीतर बूड करपतं. गोळे वीस ग्रॅमचे करा आणि दहाव्या मिनिटाला एक काढून उलटून बघा.